हिवाळी टायरांची सनद

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरांचा वेग अवघ्या २.८ सेकंदांत गाठणारी आणि नावात टर्बो मिरवूनही पोटात तो न बाळगणारी विजेवरची पोर्शे टायकान टर्बो एस ज्या जर्मन गृहस्थाच्या दारी उभी आहे, त्याचे सारे ऐश्वर्य ऑक्टोबर लागताच टायरच्या दुकानदारापुढे हात जोडून उभे राहते. कारण पारा ७ अंशांखाली उतरला की उन्हाळी टायरचे रबर ताठरते, आणि सुमारे २,३०० किलो वजनाचे ते देदीप्यमान यंत्र बर्फाच्या पहिल्याच चढावर शेजाऱ्याच्या धक्क्याचे याचक बनते. मग तजवीज सुरू होते: रुबाबदार २१ इंची चाके उतरवून लहान चाके बसवावीत काय, पकड साधावी तर एका चार्जमधला पल्ला घटतो, त्याचे काय, आणि बॅटरीचा बोजा पेलण्याची हमी कोणता टायर देईल? त्यातच ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरे व हिमकण यांची मुद्रा नसलेला टायर सरकारदरबारी हिवाळी म्हणून मंजूरच होत नाही.

तथापि खरी मौज पुढेच आहे. गाडीची धाव ताशी २६० ची आणि टायरची सनद २४० ची असली, तर ती मर्यादा दर्शविणारी चिठ्ठी चालकाच्या नजरेसमोर डकवावी, असे कायदा फर्मावतो. घसरड्या रस्त्यावर चाळिशीने जीव मुठीत धरून सरकणाऱ्या मालकास २४० च्या पुढे न जाण्याची ही ताकीद किती उपकारक वाटत असेल! बर्फात उन्हाळी टायरांवर गाडी हाकल्यास दंड मात्र ६० युरो. एवढ्या रकमेत त्या गाडीचा एक टायरही येत नाही.