फुंकरीचं श्रेय

व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकर मारल्यानं सुरू होत नव्हती. कधीच नाही. आमच्या पिढीपाशी मिरवण्यासारखं तांत्रिक कौशल्य मुळात एकच. कॅसेट माउथ ऑर्गनसारखी तोंडाशी धरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकत न्यायची, खाचेत दाबायची आणि मारिओ उभा राहिला की धाकट्या भावंडांकडे मुख्य अभियंत्याच्या नजरेनं बघायचं. तेही खोटं निघावं, हे लिहिताना हात जड होतो. पण बंगळूरच्या मल्लेश्वरमबद्दल लिहिताना पुरावा नाकारणं बरं दिसत नाही. भारतीय विज्ञान संस्था इथून हाकेच्या अंतरावर, सी. व्ही. रामन यांचं ‘पंचवटी’ हे घर तर इथल्याच गल्लीत. सध्या इथले जुने बंगले एकामागून एक पाडले जाताहेत, माळे रिकामे होताहेत, आणि पितळी भांड्यांच्या मागून वायरी गुंडाळलेला, पिवळट पडलेला तो व्हिडिओ गेमचा डबा खाली येतो आहे. तो हातात घेतल्यावर माझ्या वयाचा माणूस पहिली गोष्ट काय करतो? गाल फुगवतो.

आता पुरावा. आपल्याकडे नव्वदीत जे ‘टीव्ही गेम’ घरोघरी आले, त्यांतले बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होते. मूळ यंत्र मासायुकी उएमुरा यांनी तयार केलं आणि ते जुलै १९८३ मध्ये जपानात विक्रीला आलं. त्याच्या कॅसेटच्या तळाशी ६० धातूच्या पट्ट्या असतात आणि यंत्राच्या खाचेत तितकेच स्प्रिंगसारखे चिमटे. पट्टीवर हवेनं, बोटांच्या घामानं, शेवेच्या तेलानं बारीक थर चढतो. साठातल्या एका महत्त्वाच्या जोडीचा संपर्क तुटला तरी पडद्यावर मारिओऐवजी सतरंजी दिसते. कॅसेट काढून पुन्हा घातली की चिमटे पट्टीवर घासतात, थर खरवडला जातो आणि बैठकही केसभर बदलते. काम इथे होतं. फुंकरीनं धूळ फारशी हलत नाही. उलट श्वासातला ओलावा पट्ट्यांवर बसून त्या गंजवतो, म्हणून फुंकू नका असं खुद्द निन्टेन्डोनं बजावलेलं आहे. म्हणजे आम्ही ज्याला उपचार समजत होतो, ती रोगाची पुढच्या वर्षीची तरतूद होती.

यावर ठरलेला आक्षेप येतो: “पण फुंकल्यावर चालायचं ना!” चालायचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडायची. फुंकर मारण्यासाठी कॅसेट बाहेर काढावी लागे आणि मारून झाल्यावर परत घालावी लागे. खरं औषध या दोन क्रियांत होतं, श्रेय मधल्या वाऱ्यानं नेलं. न फुंकता नुसतीच कॅसेट परत घालून बघावी, हा प्रयोग कोणी केला नसेलच असं नाही. पण तो करणारं मूल तेव्हा गप्प राहिलं, आणि पुढे नक्कीच विज्ञान संस्थेत गेलं असणार.

विषय निघालाच आहे तर फुंकरीबद्दल थोडं जास्त बोलू द्या, कारण मराठी माणसाची फुंकरीवरची श्रद्धा हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. गुडघा फुटला, फुंकर. डोळ्यात कचरा गेला, की पदराचा बोळा करायचा, त्यात गरम फुंकर भरायची आणि डोळ्यावर टेकवायचा. चूल धुमसली, फुंकणी. दूध वर आलं की गॅसची कळ फिरवण्याआधी आपण पातेल्यावर फुंकतो, जणू ते लाजून खाली बसणार आहे. आणि त्याच दुधानं तोंड पोळलं की पुढे ताकही फुंकून पितो. गुरू शिष्याचा कान फुंकतो. बशीतला चहा तर फुंकल्याशिवाय चहाच वाटत नाही. कानडीत फुंकण्याला ‘ऊदु’ म्हणतात, आणि आपल्या घरातला ऊद तरी शेवटी निखारा फुंकूनच धुमसत ठेवतात. पण भाषाशास्त्रात शिरलो तर कॅसेट तशीच राहील. हिशोब मांडला तर फुंकर खरोखर उपयोगी पडते अशा जागा दोनच: चूल, कारण तिला हवा लागते, आणि चहा, कारण त्याची वाफ उडते. गुडघ्याच्या बाबतीत ती निरुपयोगीच, डॉक्टरांना विचारलंत तर अपायकारकही. तरी गुडघ्याला बरं वाटतं, कारण फुंकणारं माणूस हातातलं काम टाकून खाली बसलेलं असतं आणि त्याचा चेहरा जखमेजवळ आलेला असतो. बंद पडलेल्या डब्याजवळ तोंड नेऊन फुंकणाऱ्या पोराला बहुधा तेवढंच ठाऊक होतं. दुखलं की असं करतात.

मल्लेश्वरमची रीत मात्र वेगळी. इथे घराघरांत फिल्टर कॉफी फुंकत नाहीत. पेल्यातून डवरा नावाच्या वाटीत, डवऱ्यातून पुन्हा पेल्यात, हात वीतभर उंच नेऊन. काढली, घातली, काढली, घातली. कॅसेट दुरुस्त करण्याचं संपूर्ण शास्त्र हे लोक रोज सकाळी संपिगे रोडच्या आजूबाजूच्या स्वयंपाकघरांत करून दाखवतात आणि त्याचा गवगवाही करत नाहीत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात काडु मल्लेश्वराचं देऊळ इथे उभारलं असं मानतात. म्हणजे आपल्या माणसांचा या भागाशी संबंध साडेतीनशे वर्षांचा. तेवढ्या मुदतीत बशी खाली ठेवून डवरा उचलायला हरकत नव्हती.

मग खरी दुरुस्ती कशी असते? तर अत्यंत कंटाळवाणी. पट्ट्यांवरून खोडरबर फिरवायचं, नाही तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं आणि काडी किती काळी झाली ते बघायचं. खेळाच्या रिमोटचं बटण दबत नसेल तर चार स्क्रू काढायचे. आत रबराची टोपी असते, टोपीच्या पोटाला काळी कार्बनची टिकली. ती आणि तिच्याखालची जागा पुसली की बटण जागं होतं. यंत्र मुळातच सुरू होत नसेल तर तीन पायांचा ७८०५ हा व्होल्टेज नियंत्रक तपासायचा, तो ५ व्होल्ट देतोय का बघायचं. कॅपॅसिटरचं डोकं फुगलंय का पाहायचं. मग जुना, कोरडा पडलेला डाग वितळवून नवा द्यायचा. यात कुठेही छाती फुगवायची संधी नाही. मला सोल्डरिंग आयर्न कुठल्या बाजूनं धरायचं हे ठाऊक आहे, आणि एवढ्या भांडवलावर मी चारचौघांत ‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये कसं असतं’ अशी वाक्यं सुरू करतो. तेव्हा दुरुस्तीतला हा नम्रपणा मला मनापासून आवडत नाही, हे कबूल केलेलं बरं.

आणि एका जागी तो नम्रपणाही संपतो. स्वस्त नकलांच्या बोर्डावर मधोमध काळ्या राळेचा एक थेंब असतो, रुपयाएवढा, गुळगुळीत. सगळं डोकं त्याच्याखाली. थेंबाखालचं काही गेलं तर त्याला खोडरबर नाही, डाग नाही, फुंकर तर नाहीच. नव्वदीत हा थेंब स्वस्त खेळण्यांत होता. आज तो स्वभाव बनून घरातल्या सगळ्या वस्तूंत पसरलाय. मिक्सर, इस्त्री, फोन, काहीही न्या, पलीकडून उत्तर तयार असतं: “बोर्ड बदलावा लागेल. त्यापेक्षा नवीनच घ्या.” उघडून न बघता. खरा राग या न उघडण्याचा आहे. फॅमिकॉम जपानात २००३ पर्यंत तयार होत होता आणि कंपनी तो २००७ पर्यंत दुरुस्त करून देत होती. थांबली तीही सुटे भाग संपले म्हणून. चोवीस वर्षं! आपल्या सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं ते चांगलंच झालं, पण बंगळूरच्या एस. पी. रोडच्या बोळात डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस तो हक्क त्याच्या आधीपासून बजावतो आहे. अर्ध्या तासाच्या तपासणीनंतर तो “काही नाही, लूज कॉन्टॅक्ट होता” म्हणतो, आणि ‘काही नाही’चे पैसे किती म्हणून आपण घासाघीस करतो. त्याला फुंकरीचं नाटक येत असतं तर दुप्पट मिळाले असते.

शेवटचा आक्षेप वजनदार आहे: हे सगळे खेळ आज फोनवर फुकट चालत असताना हा उद्योग कशाला? मारिओपुरतं मान्य. पण बदकं मारायची बंदूक घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. गोळी सुटत नाही, बंदूक फक्त बघते. हा हिशोब जुन्या, पाठीमागे कुबड असलेल्या टीव्हीच्या चित्र रेखाटण्याच्या वेळेवर बेतलेला आहे. आजचा सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी सजवतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीची बघण्याची वेळ टळून जाते. त्यामुळे यंत्र कितीही निगुतीनं दुरुस्त करा, सपाट टीव्हीसमोर बदकं अमर राहतात आणि गवतातून खेळातला कुत्रा वर येऊन हसतो. हा बंदुकीचा खेळ फोनवर होत नाही. म्हणजे यंत्र वाचवायचं तर टीव्हीही वाचवावा लागतो, आणि टीव्ही ठेवायला माळ्यासकट घर. माझा युक्तिवाद इथे थोडा महाग पडतो, हे मला मान्य आहे.

तरी माळ्यावरून तो डबा खाली आला तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. कॅसेट काढा, पुसा, घाला. नाही चाललं तर पुन्हा काढा, पुन्हा घाला. फुंकू नका. आणि घरात सापडलेला कुठलाही अडॅप्टर त्यात खुपसू नका: मूळ फॅमिकॉमच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक अडॅप्टरांचा धन. अडॅप्टरवर वर्तुळाचं एक बारीक चिन्ह छापलेलं असतं. ते चष्मा लावून बघा.