सेट झालेला माणूस

सुरतेच्या नवागाममध्ये लग्नाच्या बोलणीत मुलाचं शिक्षण, उंची, पत्रिका वगैरे मागाहून निघतं. आधी प्रश्न एकच : "पोऱ्या सेट शे का?" धुळे, नंदुरबार, जळगावाकडून ताप्ती लाइनच्या गाडीने येऊन उधन्याला उतरलेल्या आणि तिथून नवागाम, डिंडोली, लिंबायतमध्ये पसरलेल्या आम्हा खान्देशींना इंग्रजी फारशी लागत नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, एवढ्यावर संसार होतो. पण 'सेट' या क्रियापदावाचून आमचं पान हलत नाही.

बरं, उचलायचं म्हणून उचललं तेही भलतंच अवजड. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद याच क्रियापदाची होती : चारशे तीसच्या वर अर्थ, साधारण साठ हजार शब्दांचा मजकूर. पुढे पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने 'रन'चा पिच्छा पुरवला, त्यात नऊ महिने घातले आणि ६४५ अर्थ काढून 'सेट'ला मागे टाकलं. २०११ साली ही बातमी झाली. सुरतेत ती कुणी वाचली असती तरी चकित झालं नसतं. रन केल्याशिवाय सेट होता येत नाही, हे इथे पहिल्या पाळीतच कळतं.

त्या चारशे तीसांपैकी निम्मे तरी अर्थ आमच्याकडे चालू असावेत. लूम सेट करायचा, तो मास्तरने. प्रोसेसच्या मिलमध्ये पॉलिएस्टरचं कापड स्टेंटर मशीनमधून १८० अंशांच्या वरच्या उष्णतेत काढतात, म्हणजे ते पुढे आक्रसत नाही, ते हीटसेट. हिरा दागिन्यात सेट, दही भांड्यात सेट, मोबाइल कानाला सेट. आणि माणूस? भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या खोलीत गेला, गावाकडे पैसे पाठवायला लागला आणि सुरतेच्या उन्हाळ्याला नावं ठेवायचा थांबला, की सेट.

मात्र शेवटच्या प्रत्ययाकडे लक्ष ठेवावं लागतं. 'मुलगा सेट आहे' म्हटलं की चहा येतो. 'मुलाचं सेटिंग आहे' म्हटलं की आलेला चहा परत जातो. ही फोड ऑक्सफर्डला केव्हा सुचेल कोण जाणे.

या शब्दाचं मूळ शोधू गेलं की थेट आपल्याच ओसरीवर पोचायला होतं. जुन्या इंग्रजीत 'सेटन' म्हणजे बसवणं. 'सिट'चं प्रयोजक रूप. आणि हे 'सिट' संस्कृतातल्या 'सद्' धातूचं भावंड. सदन, संसद, उपनिषद ही सगळी त्याच कुळातली बसणारी मंडळी. विषादही त्यातलाच. म्हणजे कुरुक्षेत्रावर अर्जुनाला झाला तो विषाद आणि माल परत आला की आमचा व्यापारी होतो तो अपसेट, हे चुलत चुलत भाऊ. साड्यांचा सेट तेवढा वेगळ्या घरचा. तो लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून, म्हणजे अनुयायांच्या पंथावरून आला; क्रियापदाशी त्याचं साटंलोटं नंतरचं. रिंगरोडच्या मार्केटात एक साडी मागितली की दुकानदार "सेट नही टूटेगा" म्हणतो, त्यामागचं कारण आता मला पटलं. पंथ फोडायचा तर कुणाला आवडेल?

मूळ अर्थ बसवणं, पण सुरतेत सेट झालेला माणूस कधी बसलेला दिसत नाही. बारा तासांच्या पाळीत लूमच्या ओळीतून फेऱ्या घालून ज्याचे पाय सुजतात, तोच गावाकडे 'सेट झालेला' म्हणून दाखवला जातो. बसायचा मान इथे इतरांना. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची कानबाई देवी बसते. भाद्रपदात गणपती बसतो. गुजरात्यांचं तर नवं वर्षसुद्धा दिवाळीनंतर बसतं, त्याला ते 'बेसतुं वरस' म्हणतात. कामगार तेवढा उभा.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना हे मूळ कळल्यावर मोठा उत्साह चढला. बसवणं हा अस्सल शब्द घरात असताना सेट कशाला? मराठीत जम बसतो, घडी बसते, विश्वास बसतो. त्यांचं म्हणणं तोंडावर खोडणं अवघड होतं. घसा बसतो आणि भिंतही बसते, याकडे त्यांनी कानाडोळा केला.

तेवढ्यात माझ्या चुलतभावाच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्याला वर्ष झालं. त्याने सत्यनारायण घातला आणि निमंत्रणाचा मजकूर तपासायला गुरुजींकडे दिला. "आमचा धंदा आता सेट झाला आहे, तरी आशीर्वादाला यावे", असं त्यात होतं. गुरुजींनी लाल शाईने एक दुरुस्ती केली आणि पत्रिका छापून गेल्या : "आमचा धंदा आता चांगलाच बसला आहे."

अमळनेरहून मोठे काका पूजेच्या दोन दिवस आधीच आले. बरोबर बाजरीचं पोतं, घरचा लसूण आणि "शेती अजून आहे रे भाऊ, मन लहान करू नको" हा दिलासा. आत्याने फोनवर रडून घेतलं. मेहुण्याने मशीन विकायची असल्यास गिऱ्हाईक तयार असल्याचं कळवलं. गुरुजी प्रत्येकाला व्याकरण समजावत होते. धागेवाल्याला मराठी वाचता येत होतं, त्याने त्याच संध्याकाळी उधारी बंद केली.