आत्याचा गुडघा आणि पसरणीचा घाट

लेखकमहाशयांना इंजिनातलं कळतं. हे त्यांचं स्वतःचं मत; दुसऱ्या कुणाचं अजून मिळालेलं नाही.

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, आत्यानं देवघरासाठी कृष्णेचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं आणि वीस वर्षांची डिझेल व्हॅन पाचगणीकडे निघाली. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, ही माहिती लेखकमहाशय घाटात देणार होते. राहून गेली.

व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, कव्हराखाली. त्याला खेटून आत्या. तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, "काय छान शेक बसतोय रे गुडघ्याला!" सगळे कौतुकानं हसले. काट्याकडे कुणी पाहिलं नाही. तो केव्हाच लाल पट्टीत जाऊन बसला होता.

वाफ दिसल्यावर गाडी थांबली. लेखकमहाशय फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. ड्रायव्हरनं मनगटच धरलं. "साहेब, तोंड भाजंल." झाकणाच्या दाबाखाली पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही, दाब सुटला की कारंजं. भौतिकशास्त्र त्यांचा आवडता विषय होता, एवढंच इथे नोंदवतो.

मग तपास. फॅनबेल्ट ताठ. पाइप कुठे फुटलेला नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच, दुधाळ नाही. म्हणजे हेड गॅस्केटची भीती कमी. रेडिएटरचा वरचा पाइप हात लावू देईना, खालचा मात्र गार.

"थर्मोस्टॅट अडकला!" लेखकमहाशय ओरडले.

"तो मागच्या मेकॅनिकनं कवाच काढून टाकलाय."

म्हणजे उरला रेडिएटर, आतून चोंदलेला. "कूलंट कुठलं टाकता?" ड्रायव्हरनं विचारलं. लेखकमहाशय दरीतलं धोम धरण न्याहाळू लागले.

"बोअरचं पाणी," बायकोनं मागून सांगितलं. "सहा वर्षं. पैसे वाचतात म्हणे." गीझरच्या कॉइलवर क्षारांची पुटं चढतात, तशीच ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही चढतात.

इंजिन निवायला पाऊण तास गेला. पिण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, तरी रेडिएटर भरेना. आत्यानं गुपचूप कॅन पुढे केला.

"अगं, ते देवाचं..."

"देवाला पुढच्या खेपेला. हिला आत्ता हवंय."

इंजिन सुरू ठेवून ड्रायव्हरनं ते बारीक धारेनं ओतलं. कुणी काही बोललं नाही.

सावकाश वाईला परत. रेडिएटरवाल्यानं झाळ सोडवून टाकी काढली, नळ्यांतून पट्टी फिरवली आणि ओंजळभर पांढरा चुरा कागदावर ओतला. "साहेब, चुन्याची भट्टी आहे का तुमची?"

पाचगणीचं टेबललँड अंधारात पाहिलं. सपाट होतं.

जाताना काटा मधोमध, लेखकमहाशय खुशीत. आत्या मात्र कव्हर चाचपत होती.

"नीट नाही केली रे त्यानं गाडी. शेक काही लागत नाही."