अर्थिंगवाले तात्या

उसाच्या गळीत हंगामात कोल्हापूर-सांगली भागात ज्याने रात्रीचा प्रवास केला आहे, त्याला तात्यांची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर मर्यादेचे यत्किंचितही भान न ठेवता रचलेला ऊस, पुढे गाण्यांचा कर्कश कर्णा व रंगीबेरंगी रोषणाई आणि मागे मिट्ट काळोख, अशी वरात रस्त्याच्या कडेला अडून उभी राहिली की तेथे हाती टेस्ट लॅम्प घेऊन, कोणीही बोलावलेले नसता, चाकाआड वाकलेले जे गृहस्थ दिसतात तेच हे. पाटबंधारे खात्याच्या दफ्तरातून सेवानिवृत्त झाल्यावर उर्वरित हयात त्यांनी परक्यांच्या वायरिंगला वाहिली. निदान मात्र त्यांचे एकच : "आधी अर्थिंग बघा!"

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो? अर्थिंग. खड्डा आला की टेल लॅम्प डोळे मिचकावतो? अर्थिंग. एकदा एका ड्रायव्हराने काकुळतीला येऊन "आवो तात्या, बल्बच न्हाई की ओ हितं!" असे रिकामा होल्डर पुढे करून सप्रमाण दाखविले, तेव्हा बल्ब गेला तोही अर्थिंगपायीच, असा निर्वाळा देऊन ते पुढच्या ट्रॉलीकडे रुजू झाले. देवळातला ध्वनिक्षेपक खरखरला, विकास सोसायटीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, माझ्या मेव्हण्याचे ठरलेले लग्न मोडले, या तिन्ही प्रकरणी त्यांचा अभिप्राय एकच होता. पैकी तिसरा त्यांनी सांत्वनाला येऊन, चहाचा घोट घेत, मुलीच्या बापाचे नाव घेऊन दिला.

संताप येतो तो या गोष्टीचा, की हा मनुष्य बहुधा बरोबर ठरतो. बॅटरीची ऋण बाजू चासीला बांधलेली असते. दिव्याकडे वीज तारेतून जाते आणि परतते ती लोखंडातून. सात पिनांच्या प्लगात या परतीसाठी स्वतंत्र पिन असून तिची तार रूढ संकेताप्रमाणे पांढरी असते. परंतु तारेचा तुटपुंजा खर्च वाचविण्याची बुद्धी झाली की दोन वाहनांमधील दुवा उरतो तो केवळ गंजलेल्या, ग्रीसने माखलेल्या हुकाचा, आणि तो क्षणभर सुटताच परतीला मुकलेली वीज, एखाद्या मुरलेल्या कारकुनाने न वसूल होणारे येणे शेजाऱ्याच्या खात्यावर चढवावे तशी, भलत्याच बल्बातून वाट काढते. आमच्या पिकअपमागच्या पाण्याच्या टँकरचे दिवे असेच रुसले असता शहरातल्या गॅरेजवाल्याने फ्यूज बदलला, फ्लॅशर बदलला, आणि बिल तेवढे चोख दिले. तात्या अनाहूत आले, चासीवरचा रंग त्यांनी पॉलिश पेपरने लख्ख लोखंड दिसेपर्यंत घासला, तारेचे टोक दातांनी सोलले, नटबोल्टखाली करकचून आवळले, वर बोटभर ग्रीस फासले आणि मला म्हणाले, "आता दाबा ब्रेक." दोन्ही दिवे स्वच्छ तांबडे पेटले. नंतरचे व्याख्यान, अर्थात, अंधार पडेपर्यंत चालले.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचे अभियान येते. कारखान्याच्या आवारात साहेबमंडळी ट्रॉल्यांना तांबडे रिफ्लेक्टर चिकटवितात, फोटो निघतात, हार-तुरे होतात. गेल्या खेपेस गर्दी हटवून तात्या पुढे घुसले आणि रिफ्लेक्टरवर लोंबणारे वाढे हाताने वर उचलून त्यांनी भर सभेत विचारले, "साहेब, आता दिसतंय, मी सोडल्यावर काय?" त्यांना अदबीने बाजूला नेण्यात आले. त्याच रात्री वळणावर एक ट्रॉली बंद पडली, तेव्हा ड्रायव्हर मिस्त्री शोधायला गेला आणि तिच्या मागे, बऱ्याच अंतरावर, हातबत्ती हलवीत पहाटेपर्यंत थंडीत उभे राहिले ते तात्याच. हे मला त्यांनी नव्हे, दूध घालणाऱ्या पोराने सांगितले.

तेव्हा ट्रॅक्टरवाल्या बंधूंनो, हुकावर भिस्त न ठेवता ती पांढरी तार यंदा ओढूनच घ्या, आणि निघण्यापूर्वी कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबून पाहा. तात्यांचे गुडघे आता वाकत नाहीत.