साठी आणि काठी

कान तपासून परतलो तो छाती फुगवूनच. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीकशी टींऽऽ ऐकू आली की बटण दाबायचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अव्वल पास! बायको म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मुद्दाम ऐकत नव्हतात."

पुढच्याच आठवड्यात एका लग्नात ताशा कडाडत असताना शेजारचे भाऊ माझ्या कानाशी ओरडले, "रविवारी दादांची काठी... घेऊन या!" दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू. गुडघे गेले असणार बिचाऱ्यांचे! मधलं काहीतरी ताशाखाली गेलं, पण मान डोलवायला अर्धं वाक्य पुरतं.

रविवारी पितळी मुठीची काठी विकत घेऊन एकटाच गेलो. दाराला तोरण, आत साठ दिव्यांचं तबक आणि खुद्द दादा दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या उचलून पाहुण्यांना बसवतायत. मी काठी पुढे केली. दादा हसून काहीतरी बोलले. त्या गलक्यात मला ऐकू आलं, "तुमची काठी परत करीन."

"छे हो, ठेवा! घरी अजून दोन आहेत."

सगळे खदाखदा हसले. आपला हजरजबाबीपणा आवडला असं समजून मीही हसलो.

चाचणीत पास झालेला कान गलक्यात का चुकतो, याचा उलगडा कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नंतर केला. कानातल्या अडीच वेढ्यांच्या शंखात आवाज टिपणाऱ्या पेशी असतात, आणि तिथून मेंदूकडे सुमारे ३०,००० मज्जातंतू निघतात. वयानुसार पेशींच्या आधी पेशी आणि तंतू यांच्यातले जोडच निखळू लागतात, आणि पुन्हा जुळत नाहीत. शांत खोलीतली टींऽऽ टिपायला उरलेले तंतू पुरतात. गोंगाटातून शब्द वेचायला मात्र सगळी फौज लागते. 'स'सारखा फुसका आवाज तर पहिला बुडतो. कर्णकर्कश आवाजानेही हे जोड तुटतात. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर ते दाखवलं, तेव्हाही ऐकण्याची चाचणी पुन्हा पहिल्यासारखी आली होती. म्हणजे उंदीरही माझ्यासारखेच अव्वल पास!

सोमवारी शेजारच्या वहिनींचा बायकोला फोन आला. भाऊ म्हणाले होते, "दादांची साठी, वहिनींना घेऊन या." आणि दादा म्हणाले होते, "तुमच्या साठीला परत करीन."

फोन ठेवून बायको एवढंच म्हणाली, "उरलेल्या दोन साठ्यांना तरी मला न्या."