पांढरी नव्हे, ग्रे!

दिल्लीत पांढरी घोडी नसते. निदान रंगकाका सोबत असताना तरी नसतेच. देवउठनी एकादशी उलटली की नोएडापासून द्वारकेपर्यंत जिकडेतिकडे वराती. बँडवाले जीव तोडून वाजवत असतात, नवरदेवाचा चेहरा सेहऱ्याआड, घोडी गोंड्यांनी मढलेली, आणि आपल्या कानाशी काकांचा आवाज येतो, ‘‘ही ग्रे आहे बरं का. खरी पांढरी असती तर कातडी गुलाबी असती. नाक बघ तिचं. काळंकुट्ट!’’

काका केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त झाले आणि गाझियाबादच्या वसुंधरेत स्थायिक झाले. दिल्लीतला निवृत्त मराठी माणूस एक तर गणेशोत्सवाच्या कमिटीत शिरतो, नाही तर पानिपतच्या लढाईत. काका घोड्यांच्या रंगांत शिरले. काकू सांगतात, एका शनिवारी दोघं राष्ट्रपती भवनात गार्डबदल पाहायला गेले आणि तिथेच घात झाला. राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल १७७३ सालचं, वॉरन हेस्टिंग्जनं बनारसला उभं केलेलं. बाकीचे लोक त्या जवानांची उंची पाहत होते, भाले, फेटे पाहत होते. काका म्हणाले, ‘‘सगळे घोडे कुमैत. तुतारीवाला तेवढा ग्रेवर. असं का?’’ त्या ‘असं का’ने त्यांना आजतागायत सोडलेलं नाही.

ही जमात तुम्हाला परकी नाही. मैफलीत आलापाच्या दुसऱ्या सुराला शेजाऱ्याच्या कानात राग सांगणारे, पेटी उघडायच्या आत हापूस देवगडचा की कर्नाटकातला हे वासावर ठरवणारे, ते सारे काकांचे भाऊबंद. फरक एवढाच की राग किंवा आंबा लाथ मारत नाही.

काकांचं ज्ञान मात्र कच्चं नाही, हे कबूल केलं पाहिजे. ग्रे घोडा जन्मतो गडद. काळा, तांबडा, कसाही. मग वर्षागणिक पांढरा होत जातो. हे एका जनुकामुळे होतं. एसटीएक्स-१७ नावाच्या जनुकातला सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा दोनदा छापला गेलेला असतो. २००८ साली उप्सालाच्या संशोधकांनी ते शोधून काढलं. आईबापांपैकी एकाकडून जरी तो आला तरी पुरे. असल्या घोड्यांना म्हातारपणी शेपटीखाली काळ्या गाठी येतात, हेही काका सांगतात. कधी सांगतात? वरात दारात असताना, घोडीवाल्याला, शेपटी उचलून.

रोअन हे त्यांचं खरं प्रेम. रोअन म्हणजे अंगभर मूळ रंगाच्या केसांत पांढरे केस मिसळलेले, डाळ-तांदळाच्या खिचडीसारखे. पण डोकं आणि पायांचा खालचा भाग गडदच. गुडघ्यावर हा गडद रंग उलट्या ‘व्ही’सारखा वर चढतो. ग्रे वयाबरोबर उजळतो, रोअन जन्मभर रोअनच. अंगाला खरचटलं तर तिथे येणारे नवे केस गडद येतात. पांढरे केस नुसते कुशीत आणि शेपटीच्या मुळाशी असतील तर तो रोअन नव्हे, राबिकानो. ‘‘लोक फसतात,’’ काका हळहळून म्हणतात. मी आजवर फसलेला एकही माणूस पाहिलेला नाही, कारण हा प्रश्न पडलेला दुसरा माणूसच मला भेटलेला नाही.

यावर कोणी हसलं की काका थेट सिरीच्या किल्ल्यात शिरतात. अल्लाउद्दीन खिलजीनं इथेच, दिल्लीत बसून, फौजेतल्या घोड्यांना डाग द्यायला लावला, स्वारांचे हुलिये लिहवून घेतले. का? तर हजेरीला एक घोडा आणि लढाईला दुसरंच तट्टू, असा घोटाळा चाले म्हणून. ‘‘म्हणजे घोडा ओळखणं हे सरकारी काम आहे,’’ असा शेरा मारून काका फाईल बंद करतात. २०२५च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये साहित्य संमेलन झालं. सगळे १७३७ सालच्या बाजीरावाच्या तिथल्या तळाबद्दल भरभरून बोलत होते. काकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ‘‘त्या घोड्यांत अबलख किती असतील रे?’’

पण खरी कमाल झाली छतरपूरच्या एका फार्महाऊसवर. काकांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न. नवरदेवासाठी नेहमीची घोडी (ग्रे), आणि सरबाला म्हणून नटवलेल्या पाच वर्षांच्या भाच्यासाठी एक चिमुकला घोडा. काका थबकलेच. आधी त्यांनी उंची मोजली. आपली वीत साडेआठ इंचांची आहे हे त्यांना पाठ आहे. आयाळीच्या शेवटच्या केसापाशी चार विती भरल्या. म्हणजे चौतीस इंच! अमेरिकेतली मिनिएचर घोड्यांची संघटना जिथवर मिनिएचर मानते, नेमकी ती हद्द.

मग रंग. अंग तांबूस, त्यात पांढरे केस. आयाळ फिकट. काका गवतावर गुडघे टेकून, मोबाइलचा टॉर्च लावून ‘व्ही’ शोधू लागले. थंडीचे केस एवढे दाट की गुडघाच सापडेना. ‘‘मिनिएचरमध्ये हीच पंचाईत,’’ ते खालूनच म्हणाले. ‘‘लोकर कातरली की खालून भलताच रंग निघतो. आयाळ फिकट आहे म्हणजे सिल्व्हरही असू शकतो. पण सिल्व्हर तांबड्यावर दिसत नाही, काळ्यावर दिसतो. मग हा मुळात बे, म्हणजे कुमैत, असला पाहिजे.’’

‘‘अहो, वरात पुढे गेली,’’ काकू म्हणाल्या.

घोडीवाला बराच वेळ शांतपणे विडी ओढत होता. शेवटी त्याला दया आली असावी. ‘‘साब, मेहंदी लगाई है. शादी के लिए.’’

मी काकांकडे पाहिलं. एखादा खचला असता. काका उजळले! मेंदी आहे, म्हणजे खाली पांढरे केस आहेत. मग ते ग्रेचे की रोअनचे? वय विचारलं तर घोडीवाला म्हणाला, ‘‘बच्चा है साब.’’ मागच्या वर्षी याहून गडद होता का, तर म्हणाला, मागच्या वर्षी हा त्याच्याकडे नव्हताच. आता उपाय एकच. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाची प्रयोगशाळा आयाळीचे वीस-तीस केस मागते, मुळांसकट. कापलेले चालत नाहीत. तपासणी मुळांतूनच होते. काकांनी घोडीवाल्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि बोटाला केस गुंडाळून हळूच झटका दिला. घोड्यानं फक्त कान मागे टाकले. सरबाला मात्र भोकाड पसरून रडला.

केस ठेवायला कागद हवा होता. काकांच्या बंडीच्या खिशात शगुनाचे दोन लिफाफे होते, एक रुपयाचं नाणं चिकटवलेले, लाल, सोनेरी गणपतीचे. एकात पाचशे रुपये, दुसरा जास्तीचा म्हणून घेतलेला. केस त्या जास्तीच्या लिफाफ्यात गेले. मग आम्ही धावतपळत वरात गाठली, मंडपात शिरलो, जेवलो, स्टेजवर गेलो. काकांनी नवरदेवाच्या आईच्या हातात लिफाफा दिला, नाव घालून, आशीर्वादासह.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईंचा फोन आला. काकूंनी स्पीकर चालू केला. बाई अत्यंत सभ्यपणे, अडखळत विचारत होत्या की हा महाराष्ट्रातला काही विधी आहे का, आणि असेल तर सुनेनं हे केस उशीखाली ठेवायचे की देवघरात. काकूंना जमीन दुभंगावी असं झालं होतं. काकांनी फोन हातात घेतला आणि कळवळून विचारलं, ‘‘भाभीजी, जड़ें तो सलामत हैं ना?’’