चिलखती रोल्सरॉइस आणि चेअरमनची अँबॅसिडर

नगरमध्ये रोल्सरॉइस आहे म्हटलं की पुण्याचा पाहुणा आधी हसतो, मग ‘कोणाची?’ म्हणून विचारतो. लष्कराची. १९९४ साली सुरू झालेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात ती उभी आहे. आहे सिल्व्हर घोस्टच, पण राजेमहाराजांच्या घोस्टला गुबगुबीत गाद्या, तर हिला पोलादी पत्रा आणि डोक्यावर फिरता बुरूज. पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१४ पासून ब्रिटिशांनी याच चासीवर चिलखती गाड्या बांधल्या. अरबस्तानच्या वाळवंटात ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स अशाच गाड्या घेऊन तुर्कांच्या मागे लागला होता.

जिल्ह्यातला जुना माणूस मात्र तिच्यासमोर उभा राहिला की मनातल्या मनात तिची गाठ अँबॅसिडरशी घालून देतो. तो तरी काय करणार? ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तिथे मोटार म्हणजे चेअरमनसाहेबांची पांढरी अँबॅसिडर. ती गेटातून आत शिरली की वॉचमनच्या आधी ऊसवाले उभे राहत.

आता हिशेब बघा. रोल्सचं इंजिन सहा सिलिंडरचं, सात लिटरच्या वरचं. चिलखतासकट वजन चार टनांहून जास्त. एवढा खटाटोप करून आत माणसं बसणार तीन-चार! अँबॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं. कागदोपत्री माणसं पाच. पण पुढची सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे लग्नसराईत पुढे चौघं बसत आणि ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर राहून गाडी हाकत असे. मागच्या सीटवरची पोरं मोजायची पद्धत नव्हती.

भरवशाचं बोलायचं तर घोस्टपुढे हात जोडावेत. १९०७ साली चाचणीसाठी ती सुमारे २३ हजार किलोमीटर पळवली, तरी कुरकुरली नाही. अँबॅसिडरचं हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा विनोद त्या गाडीइतकाच जुना आहे, आणि खोटाही नाही. पण ती बंद पडली तर पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत कुठलाही मिस्त्री पाना आणि तारेचा तुकडा घेऊन बॉनेटमध्ये शिरायचा आणि चहा यायच्या आत ती चालू करायचा. रोल्सच्या बॉनेटला हात लावायला त्याच मिस्त्रीने आधी अंघोळ केली असती.

मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालात उत्तरपाड्याला येऊन अँबॅसिडर झाली. मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर, नोव्हा अशी नावं बदलत गेली, चेहरा जवळपास तोच राहिला. (अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण एसटीत अजून ‘एक नगर द्या’ असंच म्हणतात.)

तेव्हा लढाईला रोल्स आणि वऱ्हाडाला अँबॅसिडर, असा आमचा निकाल. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. तीन वर्षांनी प्यूजो या फ्रेंच कंपनीने अँबॅसिडर हे नुसतं नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतलं.